पाटावरची वाळू

मरी-लोरने पर्समधून औषधाची रिकामी बाटली काढली, तिच्यातला हरभऱ्याएवढा खडा टेबलावर ओतला आणि म्हणाली, “यशना, तुझा तो दिवा लाव जरा.”

यशना बाबाजीला हसू आलं. किनाऱ्यावरच्या दुकानांत नकली दगडाच्या अंगठ्यांचा सुळसुळाट झाला होता, आणि कोणी ना कोणी ओळखीचं माणूस ‘बघ गं, अस्सल आहे का’ म्हणत प्रयोगशाळेत टपकायचंच. आता डॉक्टरीणबाईही फसल्या म्हणायच्या. तिने खिडकीचा पडदा ओढला, अतिनील किरणांचा छोटा दिवा लावला आणि खड्यावर धरला.

खडा शेंदरी उजेडाने उजळला. तिने चिमट्याने तो फिरवून पाहिला. एका बाजूला फुटला होता तिथे कांद्यासारखे पापुद्रे दिसत होते. एक शेंदरी, एक काळा, पुन्हा एक शेंदरी.

“अस्सल आहे,” ती म्हणाली. “आमच्याच लगूनमधला. कुठल्या विटेचा टवका काढलास?”

“विटेचा नाही.” मरी-लोर खुर्चीत बसली. दोघी शाळेत एका बाकावर बसायच्या तेव्हापासून ती घाबरली की आवाज खाली आणायची, तसा आताही आणला. “काल एका शाळामास्तरांच्या मूत्रपिंडातून काढलाय.”

दिवा बंद करायचं यशनाला सुचलंच नाही.

मॉरिशस म्हणजे नकाशावर शोधायला भिंग लागावं एवढा देश. मोठी साथ आली तेव्हा त्याच्याकडे विकायला मुख्यतः दोनच गोष्टी होत्या, साखर आणि समुद्रकिनारा. साखर कोणी घेईना आणि किनाऱ्यावर कोणी येईना. त्यातच इथून निघालेल्या एका जहाजावर ताप निघाला आणि जगाने ठरवूनच टाकलं की हे बेटच रोगट आहे. जहाजं येईनाशी झाली. मोठ्या देशात भूक आधी गरिबाच्या दारात जाते. इथे ती सगळ्यांना एकदमच लागली. माणसं नीरफणस आणि कच्ची पपई उकडून खाऊन राहिली.

यशना तेव्हा कॉलेजात होती. तिच्या वडिलांना मधुमेह होता. त्यांचं इन्सुलिन घेऊन आलेलं जहाज बंदराबाहेर नांगर टाकून उभं राहिलं, पण कप्तान धक्क्याला लागायला तयार होईना. सरकार विनवण्या करत होतं. यशना रोज जाऊन ते जहाज पाहून यायची. एका सकाळी ते जागेवर नव्हतं. वडील त्यानंतर फार दिवस काढू शकले नाहीत. औषध डोळ्यांना दिसतंय आणि हाताला लागत नाही, हे तिने पाहिलं होतं, आणि तिची सगळी भीती तिथून सुरू व्हायची.

साथ ओसरल्यावर देशाने एकच गोष्ट मनाशी धरली. परक्यांच्या सुट्टीवर पुन्हा पोट भरायचं नाही. जे विकायचं ते न संपणारं हवं आणि आपलं हवं. त्यातून ‘गवंडी’ आला.

गवंडी हा एक जंतू. त्याचं शास्त्रीय नाव बेटावर कोणी घेत नाही. इथल्या बोलीत, क्रेओलमध्ये, त्याला ‘ती-मासों’ म्हणतात, म्हणजे छोटा गवंडी. निसर्गातले काही जंतू हे काम आधीपासून करतातच. ते युरिया फोडतात, त्यातून पाण्यात कार्बोनेट तयार होतं, आणि पाण्यात कॅल्शियम असलं की दोन्ही मिळून चुनखडक बसतो. शास्त्रज्ञांनी या जंतूला खाऱ्या पाण्यात राहायला शिकवलं आणि दगड बांधताना हवेतला कर्बवायूही आत कोंडायला शिकवलं. प्रवाळाच्या कड्याच्या आत जे उथळ, शांत पाणी असतं ते लगून. तिथे साचे बुडवायचे, युरिया सोडायचा, आणि काही आठवड्यांत पांढरीशुभ्र वीट उचलायची. मग जंतू मरावेत म्हणून ती सूर्यभट्टीत भाजायची, की झाली तयार. युरिया कुठून आणायचा? तर अख्ख्या देशाच्या शौचालयांतून मूत्र वेगळं गोळा व्हायचं, त्यातून. ‘आमचा देश मुतूनसुद्धा कमावतो’ हा बेटावरचा लाडका विनोद होता.

विटांना जगभर मागणी आली. सिमेंट हवा बिघडवतं, ही वीट हवा साफ करते. त्या कमाईतून शाळा उघडल्या, दवाखाने उघडले, मेलेल्या प्रवाळाची डागडुजी झाली. जंतू समुद्रातलं चिमूटभर मँगेनीज दगडात ओढून घ्यायचा, म्हणून अतिनील उजेडात वीट शेंदरी दिसायची. ती चमक म्हणजे देशाची सही होती.

आणि गवंडी लगूनबाहेर पळाला तर? त्यालाही कुलूप होतं. त्याला जगायला समुद्राइतकं मीठ आणि भरपूर युरिया, दोन्ही एकदम लागायचं. गोड्या पाण्यात तो फुटून मरायचा आणि उघड्या समुद्रात उपाशी. या कुलपाची राखण यशनाकडे होती. विटा बनवणाऱ्या कंपनीची सुरक्षाप्रमुख ती. लगूनमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचे पाय, बूट, जाळी गोड्या पाण्याने धुवायची, हा नियम तिचाच, आणि त्यापायी तिने एकदा मंत्रिमहोदयांनाही अनवाणी उभं केलं होतं.

“मीठ आणि युरिया एकत्र,” मरी-लोर म्हणाली. “समुद्राबाहेर हे कुठे मिळतं, ते तुम्ही एखाद्या डॉक्टरला विचारायला हवं होतं. मूत्रपिंडाचा आतला गाभा. शरीर पाणी वाचवतं ते तिथे, आणि त्यासाठी तिथे मीठ आणि युरिया साठवून ठेवतं. माणूस तहानलेला असला की तो भाग समुद्राइतका खारट होतो. तुम्ही तुमच्या गवंड्याला ज्या घराची सवय लावलीत ना, तशी घरं प्रत्येकाच्या कमरेत दोन-दोन आहेत.”

यशनाने हातातला चिमटा खाली ठेवला. अख्ख्या देशाचं मूत्र नळांमधून त्या जंतूला पाजलं, आणि नळाच्या दुसऱ्या टोकाला काय आहे हे एकाही शहाण्याने पाहिलं नाही. तिनेही नाही.

“किती जणांना झालंय?”

“माझ्याकडे आलेले मूठभर. मास्तर, दोघी म्हाताऱ्या, पावाच्या गाडीवाला, आणि एक सात वर्षांची मुलगी. खडा फोडून उपयोग नाही, प्रत्येक कणातून नवा वाढतो. प्रतिजैविकं दगडाच्या आत पोचत नाहीत. एक जुनी गोळी आहे, ती युरिया फोडणारं विकरच बंद पाडते. गवंडी उपाशी मरतो, मग बाकीची औषधं काम करतात. आपल्याकडे ती नाही. मी मागवली आहे, न्हावा-शेव्याहून निघालेल्या जहाजात आहे.” तिने रिकाम्या बाटलीचं झाकण लावलं. “आणि अजून एक. हे सगळे तुमचे लोक आहेत, यशना. मराठी. लगूनमध्ये काम करणारा त्यांच्यात एकही नाही. तुमच्या घरात असं काय आहे, जे माझ्या घरात नाही?”

यशनाने खूप डोकं खाजवलं. तिला काही सुचलं नाही.

आन्स-फिलाओ हे तिचं गाव. फिलाओ म्हणजे सुरूचं झाड. सुरूच्या बनामागे पन्नासेक मराठी घरं. त्यांचे पूर्वज ऊस तोडायला कोकणातून जहाजाने आले होते. आता घराघरात बोलणं क्रेओलमधून चालायचं आणि मराठी देवासमोर आणि भांडणात निघायची. यशनाच्या सासूबाई, सुलोचनाबाई, मात्र हट्टाने मराठीच बोलायच्या. गावच्या महिला मंडळाच्या त्या अध्यक्ष होत्या, आणि निवडणूक न होता होत्या.

यशना घरी आली तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात नवं पोतं फोडून तांदळाचा डबा भरत होत्या. नऊ वर्षांची कोयल पलंगावर पालथी पडली होती.

“हिची आज पुन्हा कंबर दुखतेय,” सासूबाई म्हणाल्या. “झाकरी नाचाच्या सरावाची वेळ झाली की बरोब्बर दुखते. नाचता येईना, अंगण वाकडं!”

“खरंच दुखतंय, आजी,” कोयल म्हणाली.

यशना तिच्याकडे निघाली आणि अर्ध्या वाटेत थबकली. सासूबाईंनी जुन्या डब्याच्या तळातून लाल फडक्याची पुरचुंडी काढली होती. ती कपाळाला लावली, सोडली, आतली चिमूटभर वाळू नव्या तांदळावर भुरभुरवली, आणि पुरचुंडी पुन्हा बांधून तांदळात खोल खुपसली.

यशनाने हे लग्न झाल्यापासून पाहिलं होतं. गणपतीचं विसर्जन झालं की पाट रिकामा आणायचा नाही. ज्या पाण्यात देव गेला तिथली मूठभर वाळू पाटावर ठेवून घरी आणायची आणि धान्याच्या डब्यात ठेवायची, म्हणजे वर्षभर डबा आटत नाही. पूर्वजांनी ही रीत सोबत आणली होती. पूर्वी ती वाळू नुसती डब्यात असायची. पण साथीत लोकांनी डब्याचे तळ पाहिले. तेव्हापासून आन्स-फिलाओच्या बायका दर नव्या पोत्यात तिच्यातली चिमूट मिसळू लागल्या. शिवाय आता ती काही साधी वाळू नव्हती. देशाला जेवू घालणाऱ्या लगूनची वाळू होती, आणि दिव्याखाली शेंदराच्या रंगाने चमकायची. आणखी काय पाहिजे?

कंपनीने विसर्जनासाठी लगूनचा एक कोपरा मानाने मोकळा ठेवला होता. दरवर्षी यशना स्वतः पाण्याचा पाइप हातात धरून तिथे उभी राहायची आणि गर्दीतल्या एकूण एक माणसाचे पाय धुऊन काढायची. पाट डोक्यावर घेऊन सासूबाई समोरून आल्या की पाइप बाजूला धरायची आणि पाटाला वाकून नमस्कार करायची.

तिने पर्समधून दिवा काढला, खिडकी लावून घेतली आणि डब्यावर धरला.

“काय गो, काय झालं?” सासूबाई म्हणाल्या.

तांदळात जागोजागी शेंदरी कण चमकत होते. सासूबाईंची बोटंही चमकत होती.

“आई, भात शिजवला की सगळं मरतं, नाही का?” यशनाने विचारलं खरं, पण उत्तर तिला माहीत होतं. जिवंत गवंडी मरतो. पण वाळूत सुकला की तो कवच करून बसतो, बीजासारखा, आणि अशा काही बीजांना शिजलेल्या भातातही काही होत नाही. कुलपाची परीक्षा सगळ्यांनी ओल्या जंतूवर घेतली होती. कोरडी वाळू तांदळात मिसळून कोणी खाईल, हे कुठल्या परदेशी तज्ज्ञाच्या स्वप्नात येणार होतं? आणि ज्या बाईला हे माहीत होतं ती पाटाला नमस्कार करत होती.

ती कोयलजवळ गेली. पोरीचं अंग कोमट होतं. “बाळा, एका ग्लासात शू करून देशील मला?”

“आयो, मम्मा!” कोयलने तोंड लपवलं.

ग्लास थोडा वेळ ठेवल्यावर तळाशी बारीक गाळ बसला. यशनाने दिवा लावला आणि लगेच बंद केला. मग न्हाणीघराच्या फरशीवर बसून तिने पदर तोंडात कोंबला, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून.

विकेश, तिचा नवरा, व्यापारखात्यात अधिकारी होता. विटांचा मोठा करार याच महिन्यात व्हायचा होता आणि तो त्यावर वर्षभर राबला होता. तिने सगळं सांगितल्यावर तो आधी कोयलजवळ जाऊन बसला, तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते, पण बोलणं शांत होतं.

“गोळी कधी येते?”

“जहाज चार-पाच दिवसांत लागेल.”

“मग तोवर हे कोणाला सांगायचं नाही.”

“विकेश, लोक ती वाळू खातायत.”

“वाळू गोळा करू. आई मंडळाची अध्यक्ष आहे. ती म्हणाली की पन्नास घरं पुरचुंड्या आणून देतील. भट्टीत जाळू. डबे धुऊ. बाकीच्या गावांतही मंडळं आहेत, तिथेही हेच करू. पण जगाला कळलं की या बेटावरचा जंतू माणसात शिरतो, तर पुढे काय होईल? कोण आपल्या बंदराला लागेल? तुला मी सांगायला हवं का?”

नको होतं. तिच्या डोळ्यांसमोर ते जहाज उभंच होतं. आणि नवरा काही वाईट बोलत नव्हता. वाळू हाच रस्ता असेल तर वाळू उचलली की रस्ता बंद. माणसापासून माणसाला हे लागत नाही, असं मरी-लोरचंही मत होतं. मग उगाच बोंब कशाला मारायची? झाकली मूठ सव्वा लाखाची. यशना हो म्हणाली, आणि हो म्हटल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की त्याचीच तिला लाज वाटली.

दोन दिवसांनी मंडळाच्या सभागृहात बायका पुरचुंड्या घेऊन आल्या. सुलोचनाबाईंनी त्यांना एवढंच सांगितलं होतं की वाळूला कीड लागली आहे. बायका कुरकुरल्या, पण अध्यक्षांपुढे चालते कोणाची? लाल, हिरव्या, जरीच्या कापडांचा ढीग पितळेच्या परातीत वाढत गेला. यशना हातमोजे घालून प्रत्येक पुरचुंडीवर दिवा धरत होती. सगळ्या शेंदरी.

“झालं,” ती म्हणाली. “आता गावात एकही नाही ना?”

“गावात नाही,” सासूबाई म्हणाल्या. मग परात पुढे सरकवत, “मूळगावी पाठवलेल्या कशा आणायच्या?”

यशनाने दिवा खाली ठेवला.

“जहाजं सुरू झाल्यापासून यात्रा जाते ना आपली कोकणात,” सासूबाई सांगू लागल्या. “रिकाम्या हाताने कसं जायचं? सोन्यासारखी वाळू आपली. साथीत तिथेही लोकांचे हाल झालेच होते. आपला डबा भरला, त्यांचाही भरू दे. प्रत्येक घराने आपापल्या मूळगावाला दोन-दोन, चार-चार नेल्या. त्यांनी पुढे लेकी-सुनांना दिल्या असतील. चांगली वस्तू माणूस एकट्याजवळ ठेवतो का?”

“कुठल्या कुठल्या गावांना?”

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. कोणी म्हणालं राजापूरकडे, कोणी म्हणालं मालवणकडे, एकीला गावाचं नाव आठवेना, नुसतं वडाचं झाड आठवत होतं.

सासूबाईंनी तिथल्या तिथे देवगडकडच्या शेवंताकाकींना फोन लावला. लांबच्या नात्यातल्या, यात्रेत शोधून काढलेल्या. काकींचा खणखणीत आवाज सगळ्यांना ऐकू आला.

“अगो, ती वाळू ना? ती आमी बावडीत सोडली! दर वर्सा उन्हाळ्यात बावडी आटता, म्हटला देवाची वाळू पडली तर पाणी टिकात. आणि टिकला हो! औंदा आटली नाय.”

“काकी, मी यशना बोलते,” यशनाने फोन घेतला. “तिकडे सगळे बरे आहात ना?”

“बरे कसले! वाडीत तिघा-चौघांका मुतखडो झालो. माझ्या नातवाकपण. डॉक्टरान सांगितल्यान, भरपूर पाणी पिया. म्हणान आता सगळी पोरां तांब्ये भरभरून पितत. आमच्या बावडीचा पाणी गोड आसा ना!”

यशनाने एवढंच म्हटलं, “काकी, त्या विहिरीचं पाणी आजपासून कोणी पिऊ नका. एक थेंबही नको. माझी शपथ आहे.” काकी हसल्या. उन्हाळ्यात दुसरं पाणी आणायचं कुठून, आणि इतक्या लांबच्या सुनेच्या शपथेवर अख्खी वाडी ऐकते थोडीच?

यशनाला घरी जाईपर्यंत रस्ता दिसत नव्हता. गोड्या पाण्यात गवंडी मरतो, कवचातलं बीज मरत नाही. ते विहिरीत नुसतं वाट पाहत बसतं. अशा किती विहिरी असतील? किती डबे?

“शेवंताकाकींना सांगून झालं ना?” विकेश म्हणाला. “बाकीच्यांनाही फोन करू.”

“कोणाला? कोणालाच माहीत नाही कुठे कुठे गेली ती. आणि कारण न सांगता कोण विहीर बंद करेल? मी टीव्हीवर हे सगळं बोलले, दिवा लावून दाखवलं, तरच ते त्या वडाच्या झाडापर्यंत पोचेल.”

“मग परवा बोल. जहाज परवा लागतंय, यशना. परवा! गोळ्या उतरू देत, कोयलच्या हातात पडू देत, आणि त्याच मिनिटाला बोल. मी स्वतः तुझ्या शेजारी उभा राहतो.”

“तोवर तिकडची मुलं तांब्या-तांब्या पाणी पितायत. डॉक्टरच्या सांगण्यावरून.”

“ती आपली नाहीत!” विकेश ओरडला. ओरडून झाल्यावर स्वतःच खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

तो दुष्ट माणूस नव्हता. हे वाक्य तिच्याही जिभेवर आलं होतं, एवढाच फरक की ते त्याच्या तोंडून आधी बाहेर पडलं. ती सासूबाईंकडे वळली. सगळ्या गावाला सल्ला देणाऱ्या त्या बाई ओट्याशी रिकामा डबा पुसत उभ्या होत्या.

“आई, तुम्ही सांगा.”

“ती वाळू मी दिली, माझ्या हाताने,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “आणि आत झोपली आहे ती माझी नात आहे. मला विचारू नकोस गो. मला विचारलंस तर मी चुकीचं सांगेन.”

आतून कोयल कण्हली. यशना जाऊन तिच्याजवळ पडली, तिचं डोकं छातीशी घेतलं. वडिलांच्या वेळी तिने त्या कप्तानाला रोज शिव्याशाप दिले होते. त्यालाही घरी मुलं असतील, हे तिला आज पहिल्यांदा सुचलं. दोन दिवस म्हणजे काय असतात? कोयलला दोन दिवसांत काही झालं नसतं. पण विहिरीवरच्या कुठल्या मुलाचा कितवा तांब्या शेवटचा, हे कोणी पाहिलं होतं? ती रडली. पोटभर रडली. मग उठून तोंड धुतलं आणि मरी-लोरला बोलावून घेतलं.

दुपारी प्रयोगशाळेत कॅमेरा लागला. यशनाने पडदा ओढला, एका ताटलीत मास्तरांचा खडा ठेवला, दुसरीत सासूबाईंच्या पुरचुंडीतली वाळू, तिसरीत आपल्या घरचे तांदूळ. दिवा लावला. सोप्या मराठीत आणि मग क्रेओलमध्ये तिने सांगितलं, ही वाळू तुमच्याकडे असेल तर तिला हात लावू नका, ज्या विहिरीत पडली तिचं पाणी पिऊ नका, ज्या डब्यात आहे त्यातलं अन्न खाऊ नका. कोणत्या गोळीने हे बरं होतं तेही सांगितलं. तिच्या शेजारी मरी-लोर होती. विकेश आला नव्हता.

संध्याकाळ व्हायच्या आत सगळ्या जगाला कळलं. शेंदरी खडा प्रत्येक पडद्यावर चमकला. दुसऱ्या दिवशी करार रद्द झाल्याचं कळलं. विमानतळ ओस पडला. दुकानांपुढे रांगा लागल्या आणि लोक तांदूळ नको म्हणू लागले, मग तांदूळही संपला. गावात यशनाच्या दारावर कोणी चिखल मारला. सासूबाईंनी तो धुतला, आणि धुताना पूर्ण गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात मराठीतून शिव्या दिल्या.

मरी-लोर साखर कारखान्याच्या रसायनतज्ज्ञांना घेऊन बसली होती. गोळी इथेच बनवता येईल का, हे ते पाहत होते. “येईल,” ती फोनवर म्हणाली. “पण कधी, ते विचारू नकोस.”

जहाज ठरल्या दिवशी आलं. आन्स-फिलाओच्या किनाऱ्यावरून ते प्रवाळाच्या कड्यापलीकडे स्पष्ट दिसत होतं, पांढरं, सुरेख. ते बंदराकडे वळलं नाही. तिथेच थांबलं. विकेश सकाळपासून बंदरात होता, अधिकाऱ्यांच्या, कप्तानाच्या, जहाजाच्या मालकांच्या हातापाया पडत होता. गोळ्यांची पेटी एका होडीत उतरवा, आमची होडी दूर थांबेल, असंही त्याने सुचवून पाहिलं.

यशना कोयलला कडेवर घेऊन सुरूच्या बनात उभी होती. नऊ वर्षांची पोर जड झाली होती, पण चालताना तिला दुखत होतं. सासूबाई बाजूला वाळूत बसल्या होत्या. वाळूला हात लागू नये म्हणून त्यांनी दोन्ही हात पदरात गुंडाळले होते.

“त्यात माझं औषध आहे ना?” कोयलने विचारलं.

“हो.”

“मग ते इकडे का येत नाही?”

यशनाने तिला कडेवर नीट सावरून घेतलं. तिचा फोन वाजला. शेवंताकाकींचा खणखणीत आवाज या वेळी कापत होता.

“पोरी, तू सांगितलंस ता टीव्हीवर सगळ्यांनी बघितला. बावडीवर फळये ठोकले. सरकारी माणसा इली, पाण्याचो टँकर इलो, त्या गोळये पण इले. आजच माझ्या नातवान पयली गोळी घेतल्यान. आजूबाजूच्या गावांतपण बावडये बंद केले. वडाकडच्या वाडीतलेपण. देव तुझा बरा करो गो!” काकींनी नाक ओढलं. “आणि तुझी कोयल कशी आसा?”

कड्यापलीकडे जहाजाच्या मागे पाणी पांढरं झालं. त्याचं नाक हळूहळू उघड्या समुद्राकडे वळत होतं. कोयलने मान उचलून ते पाहिलं आणि आईच्या गळ्याला घट्ट मिठी मारली.

“बरी आहे, काकी,” यशना म्हणाली.